मंगळाची उत्तर टोपी : जानेवारी ते मे 2025 च्या नोंदी

मंडळी, मृग तोंडावर आलाय. आता डॉबचा (साध्या लाकडी बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीचा) आरसा झाकून ठेवायचा, म्हणून या हंगामात काय हाती लागलं ते मांडतो. दुर्बीण 8 इंची, फोकल लांबी 1200 मिमी. जागा दारव्हा तालुक्यातलं आमचं वावर, गोठ्यामागची मोकळी पट्टी. विषय एकच धरला होता : मंगळाच्या उत्तर ध्रुवावरची पांढरी टोपी. दुसऱ्या ग्रहावरचं पाणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल, तर आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात खात्रीची जागा हीच.

प्रतियुती, म्हणजे पृथ्वीवरून मंगळ सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणं, 16 जानेवारीला झाली. बिंब 14.6 आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग), म्हणजे 2022 च्या 17 पेक्षा लहान. पण आपल्या अक्षांशावर बसलेल्यांनी तक्रार करू नये. मंगळ पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ होता आणि मध्यरात्री जवळपास डोक्यावरून, किंचित उत्तरेकडून जायचा. एवढ्या उंचीवर मध्ये येणारी हवा सगळ्यात कमी. गव्हाच्या ओलिताला लाइट रात्रीची, त्यामुळे जागरण होणारच होतं. मोटार सुरू करून आलं की 200 पटीवर तासभर शांतपणे बसता यायचं. टोपी पहिल्या नजरेतच दिसे. तिच्या कडेने गडद पट्टा आणि त्याखाली मारे अॅसिडालियम या गडद प्रदेशाचा काळसर डाग. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे 40 मिनिटांनी मोठा असल्याने तोच डाग रोज तेवढा उशिरा मधोमध येतो, हे स्केचेस ओळीने मांडली की फार छान दिसतं.

आता मुद्द्याचं. ते सगळं पांढरं पाणी नसतं. हिवाळ्यात मंगळाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइडच गोठून ध्रुवावर थर धरतो आणि वसंतात तो न वितळता थेट वायू होऊन उडून जातो. ध्रुवावर असं घडतं हे लेटन आणि मरे या शास्त्रज्ञांनी 1966 मध्ये गणिताने मांडलं होतं. मग खाली उरतं ते काय? उत्तर मिळालं 1976 मध्ये. व्हायकिंग यानाच्या मंगळाभोवती फिरणाऱ्या भागाने, म्हणजे ऑर्बिटरने, उत्तरेच्या उन्हाळ्यात उरलेल्या टोपीचं तापमान मोजलं तर ते उणे 68 अंशांच्या आसपास निघालं. कार्बन डायऑक्साइडचा बर्फ त्या हवेत उणे 125 च्या वर टिकतच नाही. म्हणजे राहिलं ते पाण्याचं बर्फ, सुमारे 1000 किलोमीटर रुंद आणि काही ठिकाणी दोन-तीन किलोमीटर जाड. मंगळाच्या उत्तर गोलार्धात वसंत नोव्हेंबर 2024 मध्येच लागला होता, त्यामुळे आपण या हंगामात पाहिली ती टोपी रोज थोडीथोडी उतरत, म्हणजे आकाराने लहान होत होती.

माझ्या स्केचमध्ये तो उतार स्पष्ट आलाय, आणि या हंगामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट तीच. जानेवारीत टोपी रुंद, पसरट. मार्चमध्ये कड आत सरकलेली. एप्रिलअखेर बिंबच 7 आर्कसेकंदांच्या आत आलं, टोपी म्हणजे एक टोकदार पांढरा ठिपका. पण लाल फिल्टर लावल्यावर तो ठिपका टिकून राहत होता, धूसर होत नव्हता. ढग असता तर लाल प्रकाशात फिका पडला असता.

ढगही मिळाले. एप्रिलमध्ये निळ्या फिल्टरखाली मंगळाच्या संध्याकाळच्या कडेला, थार्सिसच्या ज्वालामुखींच्या बाजूला, उजळ पट्टे दिसले. हे पाण्याच्या बर्फकणांचे ढग. मंगळ सूर्यापासून लांब असतो त्या काळात विषुववृत्ताच्या आसपास त्यांचा पट्टाच तयार होतो आणि त्यातली बरीच वाफ याच उत्तर टोपीतून उठलेली असते. टोपी आटते आणि ढग चढतात, हे एकाच वहीत पुढेमागे नोंदवता आलं याचा आनंद मोठा आहे.

मेच्या सुरुवातीला मंगळ पुष्याच्या तारकागुच्छाजवळून गेला. बायनॉक्युलरमधून देखणा होता, पण टोपी नि ढग पाहायच्या कामाचा नाही.

दिवसा वाचन चालू होतं. मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकाच्या नोंदींवरून 2024 मध्ये संशोधकांनी मांडलं, की त्या भागात साडेअकरा ते वीस किलोमीटर खोलीवर भेगाळलेला अग्निजन्य खडक पाण्याने भरलेला असावा. आपल्या भागातल्या कास्तकाराला हे समजावून सांगावं लागत नाही. आपलंही पाणी मुरमाखालच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतच सापडतं, कोरा कातळ लागला की बोअर कोरडी जाते. फरक खोलीचा. आणि तो निष्कर्ष भूकंपाच्या लाटांच्या वेगावरून काढलेला आहे, पाणी कुणी पाहिलेलं नाही. म्हणून माझ्या वहीत तो पेन्सिलीने आहे.

पुढची प्रतियुती 19 फेब्रुवारी 2027 ची, सिंह राशीत. बिंब 13.8 आर्कसेकंद, आणि आपल्याकडून पुन्हा जवळपास डोक्यावर. त्या वेळी मंगळाच्या उत्तरेत वसंत संपत आलेला असेल. म्हणजे यंदा एप्रिलमध्ये इवल्याशा बिंबावर जी उतरलेली टोपी दिसली, तीच अवस्था तेव्हा जवळजवळ दुप्पट मोठ्या बिंबावर पाहायला मिळेल. मला तिची कड मोजायची आहे. वाशिम, अकोला, पुसदकडे कुणाकडे 6 इंच किंवा त्याहून मोठी दुर्बीण असेल तर एकच आकाराचं वर्तुळ छापून स्केच काढू, प्रत्येक स्केचवर वेळ आणि फिल्टर लिहू, म्हणजे नोंदी एकमेकींवर ठेवून पाहता येतील.