रेडिंग: नुसती गाडी बदलू नका, उतरा

लंडनहून पश्चिमेला बाथ-ब्रिस्टलला निघालेला आपला माणूस रेडिंगला फार तर गाडी बदलतो, नाहीतर हीथ्रोची बस पकडतो. पावणेदोन लाखांच्या आसपास वस्ती असूनही हे गाव कागदोपत्री अजून ‘शहर’ नाही. दर्जासाठी केलेले अर्ज दर वेळी फेटाळले गेले. आम्ही मुद्दाम उतरलो आणि केनेट नदीचा काठ धरून चाललो. गाव कळायचं असेल तर हाच रस्ता.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून जलद गाडी साधारण अर्ध्या तासात पोचवते, एलिझाबेथ लाइनची लोकल रमतगमत जाते. लंडनच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड रेडिंगपर्यंत चालत नाही, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं.

स्टेशनपासून जवळच फोर्बरी गार्डन्स. मधोमध ओतीव लोखंडाचा अवाढव्य सिंह. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली, तीत आणि त्या मोहिमेत गेलेल्या ६६व्या बर्कशायर पलटणीचं हे स्मारक. चबुतऱ्यावर ३२९ नावं. त्याच रणात मुंबई फौजेच्या देशी पलटणीही कापल्या गेल्या होत्या, बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्स रायफल्स. त्यांची नावं इथे शोधू नका. सिंहाची चाल चुकली म्हणून शिल्पकार जॉर्ज सायमंड्सने जीव दिला, ही गावातली लाडकी थाप. तो पुढे चाळीसहून जास्त वर्षं जगला.

बागेला लागूनच ॲबीचे अवशेष, तिकीट नाही. पहिल्या हेन्रीने ११२१ साली हा मठ स्थापला तो केनेट आणि थेम्सच्या मधल्या उंचवट्यावर: गिरणीला पाणी, मालाला होड्या, आणि पुराची भीती कमी. राजाला पुरलं तेही इथेच. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये, मठ मोडला आणि शेवटच्या मठाधिपतीला फासावर चढवलं. भिंतींचे घडीव चिरे पुढे लोकांनी काढून नेले. उरलाय तो आतला गाभा: चुन्यात ठासून बसवलेल्या गारगोट्यांचे ओबडधोबड, उंच सुळके. हात लावून बघा, कडा अजून धारदार लागतात.

मागेच तुरुंग, जिथे लेखक ऑस्कर वाइल्ड १८९७ पर्यंत कैदेत होता. तो बंद आहे, बाहेरून भिंत बघायची आणि पुढे केनेटवर उतरायचं.

आता खरी मजा. १८१० मध्ये कालवा पुरा झाला आणि केनेटमार्गे थेम्स ब्रिस्टलला जोडली गेली. १८४० मध्ये रेल्वे आली. हंटली अँड पामर्सची बिस्किटं या दोन्ही वाटांनी जगभर गेली. धंद्याची सुरुवात १८२२ ची, लंडन-बाथ रस्त्यावरच्या एका दुकानात. घोडागाडीच्या धक्क्यांनी बिस्किटं फुटायची, म्हणून पत्र्याचे डबे आले. नदीकाठचा तो कारखाना गेला, पण डबे म्युझियममध्ये रांगेने मांडलेत. तिथेच बायोच्या पडद्याची, म्हणजे नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्याची गोष्ट सांगणाऱ्या मध्ययुगीन भरतकामाची, पूर्ण लांबीची व्हिक्टोरियन नक्कल आहे, लीक गावच्या बायकांनी भरतकाम केलेली. मूळ पडद्यावरच्या नागड्या माणसाला इथे चड्डी मिळाली आहे! प्रवेश फुकट, वार आणि वेळ मात्र आधी बघून जा.

ओरॅकल मॉलपाशी थोडं थांबा. तिथे नदी इतकी अरुंद आहे की होड्यांना सिग्नल आहे. नाववाला काठावरचं बटण दाबतो, हिरवा लागेपर्यंत कॉफी पिणाऱ्यांच्या नजरा झेलत उभा राहतो.

तिथून मागे वळून पूर्वेला चालत राहिलं की ब्लेक्स लॉक (होड्या चढवण्या-उतरवण्याचं पाण्याचं दार) ओलांडून केनेट-थेम्सचा संगम लागतो, वर रेल्वेचा पूल. मग डावीकडे थेम्सकाठाने स्टेशनला परत. पावसानंतर ही वाट चिखलाची असते, हिवाळ्यात पाण्याखालीही जाते. बूट तसे घाला. आई-वडील बरोबर असतील तर हा टप्पा गाळा.

आणखी एक जागा एल्डन स्क्वेअर, इथला पुतळा लॉर्ड रेडिंगचा. हा आधी याच गावाचा खासदार, मग १९२१ ते १९२६ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा होऊन येरवड्यात धाडलं ते याच्याच कारकिर्दीत. पुतळा नवी दिल्लीत होता, तिथून हलवून १९७१ मध्ये इथे उभा केला. वेळ कमी असेल तर साहेबांना खुशाल टाळा, संगम टाळू नका.