चारांतली एक ठेवा

ती आली होती फक्त पुढचे दात सरळ करता येतील का, एवढं विचारायला. वय 19. चारही अक्कलदाढा काढायची तारीख दोन दिवसांवर आलेली, सोबत आई. "खालचे दात डावीकडे सरकल्यासारखे वाटतात, फोटोत तर फारच," ती म्हणाली. आईचा हिशोब वेगळा होता: अक्कलदाढा निघाल्या की जागा होईल आणि दात आपसूक सरळ होतील. तसं होत नाही. पण हा समज एवढा पक्का असतो की त्यावर वाद घालण्यापेक्षा मी आधी तोंडात बघते.

खाली डावीकडे पहिली मोठी दाढ नव्हतीच.

"ती होय? तेराव्या वर्षी काढली. किडली होती. आम्हाला वाटायचं दुधाचीच आहे," आई म्हणाली. हे मी नेहमी ऐकते. ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास, एकही दुधाचा दात न पाडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. मग तिला कायमची कोण म्हणणार? त्यातून ती आठ-दहाव्या वर्षी काढावी लागली, तर मागची दाढ बऱ्याचदा आपणहून पुढे येऊन जागा भरते. तेराव्या वर्षी मात्र मागची दाढ उगवून झालेली असते. ती सरकत नाही, कलंडते.

इथेही तेच झालं होतं. दुसरी दाढ पुढे झुकून तिची पुढची कड हिरडीत रुतली होती. तिथे मोजपट्टीची सळई घातली तर 6 मिलिमीटर आत गेली आणि रक्त आलं. वरची दाढ समोर कोणी नसल्याने खाली उतरलेली. चावल्यावर ती जवळजवळ रिकाम्या हिरडीला टेकत होती. पुढच्या उपदाढा मागे सरकलेल्या आणि त्यांच्या मागोमाग पटाशीचे दात. खालच्या दातांची मधली रेघ 2 मिलिमीटर डावीकडे. फोटोत तिला खुपत होतं त्याचं मूळ हे होतं.

"मग तिथे इम्प्लांट बसवून टाका ना," आई म्हणाली. बसवता येतो, पण मूळची दाढ साधारण 11 मिलिमीटर रुंद असते आणि इथे जागा उरली होती 6. म्हणजे आधी कलंडलेली दाढ मागे उभी करायची, आणि सहा वर्षांत सुरीच्या पात्यासारखं झालेलं हाड भरून घ्यायचं. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टोप्या घालून मध्ये पेललेला खोटा दात, करायचा तरी दाढ उभी करावी लागणारच, शिवाय शेजारचे दोन्ही दात घासून बारीक करायचे. एकोणिसाव्या वर्षी चांगले दात घासायला माझा हात धजत नाही.

मग ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे, पडद्यावर लावला. डावी खालची अक्कलदाढ हिरडीखाली अगदी सरळ उभी, डोकं सुबक, मुळं दोन तृतीयांश तयार. काढायच्या यादीत तीही होती! तिच्या जोरावर दुसरी दाढ मुळांसकट पुढे ओढून पहिलीची जागा बुजवता येणार होती आणि दुसरीच्या जागी अक्कलदाढ येणार होती.

काम चिवट आहे. खालचं हाड घट्ट आणि ती जागा अरुंद. दाढ महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर सरकते, कधी तेवढंही नाही. तिला पुढच्या दातांच्या आधाराने ओढलं तर तेच आणखी मागे येतात, म्हणून हाडात मिनी स्क्रू बसवून त्याचा आधार घ्यायचा. वरच्या दाढेलाही तसेच स्क्रू, तिला वर ढकलायला. अलाइनर, म्हणजे काढता-घालता येणारे पारदर्शक साचे, पाहिजे होते मुलीला. दाढेची मुळं एवढी लांब न्यायला माझा त्यांच्यावर भरवसा नाही. तारेच्या ब्रेसेसच, आणि दोन-अडीच वर्षं धर, म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. अक्कलदाढ वेळेवर वर येईलच याची हमी नाही, तिलाही ओढून आणावं लागेल, हेही सांगितलं. ऐकून ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण दात माझाच राहील ना?"

दाढा काढणाऱ्या डॉक्टरांना तिच्यासमोरच फोन लावला. उजवी खालची आडवी झोपलेली, ती काढायचीच. वरच्या दोघींना खाली जोडीदार मिळणार नाही, त्याही जाऊ देत. चिठ्ठीवर चाराचे तीन केले आणि डाव्या खालच्या दाढेभोवती लाल गोल काढून लिहिलं, 'ही ठेवा'.

"म्हणजे परवाची सुट्टी रद्द नाही करायची," ती आईला म्हणाली.