हाफ डॉलरचा बॉक्स मिळवताना

जुनी अमेरिकन नाणी जमवायची असतील तर पहिले पैसे दुकानात घालवू नका, बँकेत जा. भेटेल त्याला मी हेच सांगते. बँकेत नाणं दर्शनी किमतीला मिळतं, आणि हवं ते निघालं नाही तर तेवढेच पैसे पुन्हा खात्यात भरता येतात. अडतं ते फक्त काउंटरवर, आणि तिथे किती अडतं हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

हा खटाटोप चांदीसाठी. अमेरिकेत 1964 पर्यंतच्या डाइम (10 सेंट), क्वार्टर (25 सेंट) आणि हाफ डॉलरमध्ये (50 सेंट) 90 टक्के चांदी असायची. 1965 पासून डाइम आणि क्वार्टरमधली चांदी गेली, हाफ डॉलरमध्ये मात्र 1970 पर्यंत 40 टक्के राहिली. चांदीचे क्वार्टर लोकांनी केव्हाच वेचून नेले. हाफ डॉलरचं तसं झालं नाही. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येनंतर 1964 मध्ये त्यांचा चेहरा असलेलं हे नाणं निघालं, लोकांनी आठवण म्हणून घरात ठेवलं आणि ते व्यवहारातून उठलं ते उठलंच. घरात पडून राहिलेली ही नाणी कधीतरी कोणी बँकेत भरतं, त्यामुळे बँकेच्या रोलमध्ये, म्हणजे कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या गठ्ठ्यात, आजही चांदी सापडते. एका रोलमध्ये 20 नाणी, म्हणजे 10 डॉलर. असे 50 रोल म्हणजे 500 डॉलरचा एक बॉक्स.

माझं पगाराचं खातं ज्या बँकेत आहे, तिची शाखा इथे न्यू जर्सीत माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे हाफ डॉलर मागितले तर काउंटरवरच्या मुलीने मलाच विचारलं, असं नाणं असतं का? मी पर्समधलं एक काढून दाखवलं. ती आत जाऊन विचारून आली. मॅनेजरचा निरोप असा, की बॉक्स फक्त धंद्याच्या खात्यावर मागवता येतो. ठीक आहे म्हणून परतले. पुढच्या खेपेला दुसरा माणूस बसला होता. तो म्हणाला, असं काही नाही, तुमचं खातं आहे ना, मग मागवू की, नाण्यांची गाडी गुरुवारी येते. त्याने नाव, फोन नंबर एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून घेतला आणि ती संगणकाच्या कडेला चिकटवली. मला तेव्हाच विचारायला हवं वाटलं की याची नोंद कुठे होते, आणि मी विचारलंही. "होते, होते," एवढंच उत्तर आलं.

गुरुवारी गेले तर तो माणूस सुट्टीवर, चिठ्ठी गायब आणि मागणीची नोंद नाही. मुलगी म्हणाली, आमच्या यादीत हाफ डॉलर दिसतच नाहीत. मी म्हटलं, यादी पुन्हा बघा. पाहिल्यावर दिसले. पुन्हा नाव, पुन्हा नंबर, पुन्हा गुरुवारची वाट. फोन आला नाही म्हणून मीच गेले, तेव्हा कळलं की बॉक्स आला होता. कोणाचा ते कोणाला माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी तो परतीच्या गाडीत टाकून पाठवून दिला होता. माझं नाव नंबरासकट त्यांच्याकडे दोनदा लिहिलेलं असताना! मॅनेजर बाहेर येऊन म्हणाल्या, तुम्ही ही नाणी करता तरी काय? मी पैसे देऊन पैसे मागत होते. त्याचं कारण मी का द्यायचं? हे लिहितानाही राग येतोय. कोणत्याही बँकेवर नाणी मागवून देण्याची सक्ती नाही, हे मला मान्य आहे. मग नाही म्हणा. हो म्हणून माणसाला झुलवत का ठेवायचं?

शेवटी ऑफिसजवळच्या एका लहानशा क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे सभासदांच्या सहकारी पतसंस्थेत, खातं उघडलं आणि तिथे काम झालं. तिथल्या वयस्क बाईंनी बॉक्सची गोष्टच काढली नाही. आपला गल्ला उघडून त्यांनी तपकिरी कागदात हाताने गुंडाळलेले दोन रोल पुढे ठेवले. "कोणीतरी भरून गेलंय, हवेत का?" घरी येऊन कागद फाडला आणि नाणी ओट्यावर एकाला एक लावून आडवी ठेवली. वरून सगळी सारखीच दिसतात, खरी ओळख कडेला असते. नेहमीच्या नाण्याच्या कडेला तांब्याची लाल रेघ जाते. त्या ओळीत मध्येच एक कड अखंड पांढरी होती. 1964 चं नाणं! त्याच्या पुढे थोडी मळकट, राखाडी कडेची दोन, 1967 आणि 1968 ची. मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवली.

म्हणून सांगते, मोठ्या बँकेच्या नादी न लागता आधी गल्ल्यातली सुटी नाणी आणि हाताने बांधलेले रोल मागा. बॉक्स मागवायचाच असेल तर चिठ्ठीवर भागवू नका, मागणी संगणकात चढलेली स्वतः पाहा आणि नाण्यांची गाडी येते त्या दिवशी सकाळी दारात उभे राहा. तपासलेली नाणी मात्र त्याच शाखेत परत नेऊ नका. जिथून घेता तिथल्या लोकांना ती पुन्हा मोजायला लावलीत तर पुढच्या वेळी कोणी देणार नाही.

शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. 90 टक्केवालं हाफ डॉलर 12.5 ग्रॅम, 40 टक्केवालं 11.5 आणि साधं 11.34 ग्रॅम भरतं. आणि चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही लावू नका. चांदी दिसली की आपले हात घासायला शिवशिवतात, पण घासलेल्या नाण्याला संग्राहक विचारत नाहीत, मग ते फक्त चांदीच्या भावाने जातं.

मॉर्गन डॉलर, म्हणजे जुना चांदीचा एक डॉलर, बँकेत मिळायची आशा धरू नका, तो विकतच घ्यावा लागतो. सुरुवात 1921 च्या मॉर्गनने करा, तो मुबलक आहे. का मुबलक, ते कळल्यावर मला फार आनंद झाला. 1918 च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने 27 कोटींच्या आसपास चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनने हिंदुस्थानच्या रुपयांसाठी विकत घेतली. ती तूट भरून काढायला 1921 मध्ये मॉर्गन पुन्हा पाडले गेले. म्हणजे आमच्या आजीच्या डब्यातल्या पंचम जॉर्जच्या रुपयांमध्येही मॉर्गनची चांदी असू शकते. घेताना वजन करा, 26.73 ग्रॅमच्या जवळपास भरायला हवं. झिजलेला थोडा कमी भरेल, पण लोहचुंबकाला चिकटला तर तिथेच परत करा.

केनेडी हाफ डॉलरचा अल्बम भरताना 1970 चं डेन्व्हरच्या टांकसाळीचं नाणं रोलमध्ये शोधत बसू नका. ते व्यवहारासाठी निघालंच नाही, फक्त त्या वर्षीच्या मिंट सेटमध्ये, म्हणजे टांकसाळीने संग्राहकांसाठी विकलेल्या संचात, आलं. मी तो अख्खा सेटच घेतला, कारण नाणं सुटं घेतलं तर ते कोणी कसं हाताळलंय हे कळत नाही.