एक डबा, दोन बंदुका

शनिवार, रात्री उशिरा

भाच्याला बंदुकीच्या दारूच्या एकाच डब्यात सगळं भागवायचंय. टेक्सासला गेल्यापासून त्याला वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरायचा नाद लागलाय. काडतुसं दाबून बसवायची प्रेस आली, वजनाचा काटा आला, आता दारू कुठली घ्यायची यावर घोडं अडलंय. त्याच्याकडं ९ मिमीचं पिस्तूल आहे आणि .३०८ ची रायफल. आज फोनवर पुन्हा तेच. "मामा, दोन्हीला चालंल अशी एकच सांगा की."

खरं तर मला विचारून काय उपयोग? माझी सगळी नेमबाजी कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर, पॉइंट टू-टूच्या (.२२) काडतुसावर झाली. ते काडतूस पुन्हा भरताच येत नाही. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या, काठातच असतो, पिन काठावर आदळली की पुंगळी कामातून गेली. शिवाय आपल्याकडं परवान्याशिवाय काडतुसं बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. तिकडं स्वतःपुरती भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. पण त्यानं पाठवलेलं लोडिंगचं पुस्तक मी उलटसुलट वाचलंय, आणि मामा म्हटल्यावर नाही म्हणवत नाही.

एका डब्याची आशा सोड, हे पहिलं सांगितलं. पिस्तुलाची नळी आखूड, पुंगळीत जागा थोडी, तिथं दारू झटकन जळायला हवी. रायफलीत गोळीला लांब नळीभर रेटत न्यायचं असतं, तिथं सावकाश जळणारी लागते. पिस्तुलाची दारू रायफलीच्या पुंगळीत काठोकाठ ओतली तर गोळी पुढं सरकायच्या आत दाब इतका चढतो की रायफलच फुटते.

मग त्यानं टाइटग्रुप या पिस्तुलाच्या दारूचं नाव काढलं. चार-पाच ग्रेनमध्ये ९ मिमीचं काम होतं, आणि एका पौंडाच्या डब्यात ७,००० ग्रेन. म्हणजे डब्यामागं दीड हजाराच्या आसपास काडतुसं! कोल्हापूरचं रक्त, हिशेबाला पक्कं. पण मला भीती वाटते ती नेमकी त्याच काटकसरीची. एवढीशी दारू पुंगळीच्या तळाशी बसते. चुकून दुसऱ्यांदा पडली तरी ती आत मावते, वरून गोळीही नीट बसते, आणि नवशिक्याच्या लक्षातही येत नाही. दोन्ही बंदुकांना चालणारी दारू शोधण्यापेक्षा, हात चुकला तर लगेच दिसेल अशी दारू शोध म्हटलं.

म्हणून सुरुवात .३०८ पासून आणि दारू वारगेट. त्या काडतुसाला ती साधारण चाळीस-पंचेचाळीस ग्रेन लागते आणि पुंगळी जवळजवळ भरते. दुप्पट पडली तर टेबलावर सांडणार, वेगळा पुरावा नको. .२२३ लाही तीच चालते, म्हणजे पुढं रायफल वाढली तरी डबा वाया जात नाही. ऊन-थंडीनं तिचा वेग फारसा हलत नाही, आणि टेक्सासातल्या उन्हाळ्यात ते लागतंच. खोट एकच. त्यानं कॅमेऱ्यासमोर मित्राकडची चिमूटभर तळहातावर घेऊन दाखवली, शिसपेन्सिलीचं टोक मोडून पडावं तसे काळपट बारके तुकडे. हे तुकडे मापाच्या यंत्रात अडकतात, कधी करकर कापले जातात, आणि वजन थोडं वरखाली होतं. गोल दाण्याची दारू पाण्यासारखी सुटते, ती सोय इथं नाही. मग प्रत्येक भरणी, म्हणजे एका काडतुसाची दारू, काट्यावर तोलायची. नवीन माणसाला हा जाच बराच, निदान घाई तरी होत नाही.

काडतुसात काय आहे याला किती महत्त्व, ते आमच्या रेंजवरही बघतोय. २०२४ ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं कांस्य आणल्यावर नवी पोरं रायफलीबद्दल तासन्‌तास बोलतात, काडतुसांच्या लॉटबद्दल, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालाबद्दल, कुणी चकार शब्द काढत नाही. कंपनी तीच, खोकं तेच, लॉट बदलला की लक्ष्यावरच्या छिद्रांचा गट पसरतो. मोठे नेमबाज रायफल पकडीत बांधून लॉट तपासून घेतात ते काय हौस म्हणून? दारूच्या डब्याचंही तसंच. नवा लॉट आला की भरणी कमी करून पुन्हा चढवत न्यायची.

बाकीचं त्याला माहीत होतं, तरी बजावलं. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा. उरलेली दारू मापातून परत त्याच डब्यात. पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून चढायचं, वरच्या आकड्यावरून उतरायचं नाही.

तासाभरानं त्याचा मेसेज आला, दुकानात वारगेट संपलीय, आयएमआर ४०६४ आहे, चालंल का? चालंल की. तीही .३०८ ला जुनी आणि भरवशाची, पुंगळीही तशीच भरते. फक्त वारगेटचे आकडे तिला लावू नकोस, तिचं पान वेगळं काढ, असं कळवलं. आणि आठ पौंडी कॅन स्वस्त पडतो म्हणून उचलू नकोस, आधी एकच पौंड घे. पिस्तुलाचं दिवाळीनंतर बघू.