प्रवासाची पिशवी

परवा दुपारी जुनी प्रवासी पिशवी साफ करायला काढली, तेव्हा तिच्या बाजूच्या कप्प्यातून सुतळीचे बंडल, दोन सेफ्टी पिना, अर्धी मेणबत्ती आणि सेल पाझरून आतून हिरवी पडलेली विजेरी बाहेर आली. यांतली एकही वस्तू कधी उपयोगी पडल्याचे मला आठवत नाही. तरीही ‘असू द्यावे’ म्हणून मी ती वर्षानुवर्षे वाहिली आहेत.

देवावर माझा विश्वास आहे, असे मी कोणी विचारल्यावर आणि क्वचित न विचारताही सांगतो. निघताना मात्र तिकीट खिशात आहे की नाही, हे तीनदा चाचपतो. अशा माणसासाठीच बहुधा बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात मान्नाची, म्हणजे देवाने रानात दिलेल्या अन्नाची, गोष्ट आली असावी. रानातल्या इस्राएली लोकांनी रोज सकाळी ते त्या दिवसापुरते गोळा करायचे, उद्यासाठी ठेवायचे नाही, असा नियम होता. काहींनी ठेवलेच, आणि सकाळी त्यात किडे पडून घाण सुटली. त्यांचा पुढारी मोशे त्यांच्यावर रागावला. मला त्या लोकांविषयी फार आपुलकी वाटते. माझ्या विजेरीचे तेच झाले.

लहानपणी एसटीने जाताना गाडी थांबली की बाबा खाली उतरत, आणि मी खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून बसे. माणसे परतत, जागा भरत आणि शेजारची सीट तेवढी रिकामी राही. गाडी सुटेल, बाबा मागे राहतील आणि मला तर उतरायचे ठिकाणही ठाऊक नाही, या विचाराने पोटात गोळा येई. ते येत, नेहमी अगदी शेवटी, रुमालाने मान पुसत, घाई नसल्यासारखे. किती वेळा आले म्हणून पुढच्या खेपेला माझी पकड सैल झाली, असे कधी झाले नाही. पुष्कळ वर्षांनी मी त्यांना विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, “अरे, मी ड्रायव्हरशीच बोलत उभा असायचो. गाडी सुटणार कशी?” खिडकीतून ती बाजू दिसत नव्हती, एवढेच.

देवाच्या विश्वासूपणासाठी हिब्रूत ‘एमुना’ हा शब्द येतो. ‘आमेन’ हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे. निर्गमाच्या 17व्या अध्यायात अमालेकांशी लढाई चालली असता मोशेचे वर धरलेले हात जड होतात. त्याला बसायला दगड देऊन अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते हात उचलून धरतात आणि सूर्यास्तापर्यंत ते स्थिर राहतात. तिथे ‘स्थिर’ या अर्थी हाच ‘एमुना’ वापरला आहे. हे कळल्यापासून तो शब्द वाचला की मला आधी हात दिसतात, तेही थकलेले आणि दुसऱ्यांनी धरलेले. माझे हात मात्र अजून गजावरच असतात.

याच लोकांना, वाट दाखवणारा देवाचा मेघ थांबला की थांबावे लागे. दोन दिवस, महिनाभर किंवा त्याहूनही अधिक. निघण्याची तारीख कोणी सांगत नसे. अशा 40 वर्षांनंतर मोशे त्यांना आठवण करून देतो, की तुमचे कपडे झिजले नाहीत आणि पायही सुजले नाहीत. चालताना रोज आपले पाय पाहून ‘आजही सुजले नाहीत’ असे म्हणणारा कोणी त्यांच्यात असेल, असे वाटत नाही. असलाच तर जोड्याची तक्रार करणारा असेल.

पिशवी झटकून सुतळी, पिना आणि मेणबत्ती मी परत कप्प्यात ठेवली. विजेरीचे सेल तेवढे टाकून दिले. नवे आणायला हवेत.