अंजनेरीचा कंदील

"यंदा कोल्हापूरला जायचं. शिवाजी विद्यापीठाची वनस्पतींची बाग बघायला," असं मी रात्री जेवताना जाहीर केलं. बायकोने आमटी वाढता वाढता एवढंच विचारलं, "अहो, झाडं बघायला चारशे-साडेचारशे किलोमीटर? गॅलरीतल्या जास्वंदीवर मावा पडलाय, तो कधी बघणार?"

प्रश्न रास्त होता. त्यातून मला बघायचं ते झाडसुद्धा नाही, गवतात लपणारं एक रोपटं आहे. खर्चुडी, म्हणजे कंदीलपुष्प. त्या बागेत या कुळाची मोठी जपणूक झाली आहे. गंमत अशी की यातली एक जात आमच्याच अंजनेरीची. त्र्यंबक रस्त्याने जेमतेम वीस किलोमीटरवर असलेला हा डोंगर आम्हा नाशिककरांना ठाऊक आहे तो हनुमानाच्या जन्मासाठी. त्याच्या गवतात उगवणाऱ्या या फुलाला २००६ साली 'सेरोपेजिया अंजनेरिका' हे नाव मिळालं, आणि नाव देणाऱ्यांत प्रा. श्रीरंग यादव होते, कोल्हापूरच्या याच विद्यापीठातले. म्हणजे लेक आमची, बारसं मात्र कोल्हापूरकरांनी केलं!

मग अंजनेरीलाच का जात नाही? गेलो होतो की, दोनदा. फूल नसताना ते रोपटं आणि आजूबाजूचं गवत यांत मला काडीचा फरक कळला नाही. आणि आपण शोधत फिरायचं म्हणजे नेमकं त्याच्यावरच पाय पडायचा. आधीच संख्येने थोडं. त्यात खर्चुड्यांचे कंद खाण्याजोगे असल्यामुळे गुराखी आणि रानडुकरं दोघेही ते उकरतात. बागेत निदान पाटी असते. पाटी वाचून ओळख करून घ्यायला मला मुळीच कमीपणा वाटत नाही.

खर्चुडीचं फूल म्हणजे कंदिलासारखी नळी. वासाला भुलून चिलट आत शिरतं. नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे आत जाणं सोपं आणि बाहेर येणं अवघड. चिलट तिथे कोंडून पडतं. फूल जुनं झालं की केस मलूल होतात आणि पाहुणा परागकण अंगावर घेऊन सुटतो, तो थेट दुसऱ्या कंदिलात शिरायला. एकदा फसल्यावरही शहाणपण न येणारं हे चिलट मला फार आपलंसं वाटतं.

तर, बेत. फुलं ऑगस्ट-सप्टेंबरातली, म्हणून कालनिर्णय खाली काढलं. श्रावणातला तिसरा सोमवार ब्रह्मगिरीच्या फेरीचा. तेव्हा त्र्यंबकचे पाहुणे आमच्याकडे उतरतात, घर सोडता येत नाही. त्याआधी निघावं तर पंचगंगेचा भरवसा नाही. २०१९ आणि २०२१ ला महामार्गच पाण्याखाली गेला होता. पुढे गणपती. गणपती उठले की पितृपक्ष, आणि आईच्या मते त्या पंधरवड्यात फिरायला जाणं म्हणजे पितरांना जेवायला बोलावून कुलूप लावून जाणं. रविवार मोकळा, पण विद्यापीठाच्या बागेत जायचं तर कामाच्या दिवशीच जावं, माळीबुवा भेटले पाहिजेत. शेवटी विसर्जन आणि पितृपक्ष यांच्या मधल्या फटीत एक शुक्रवार सापडला. मी त्याला पेन्सिलीने गोल केला. पेनाने करायचं धाडस झालं नाही.

आई इतका वेळ वाती वळत होती. "केवढं असतं रे ते फूल?"

"असेल दोन पेरांएवढं."

तिने स्वतःच्या बोटाची दोन पेरं न्याहाळली, मग माझ्याकडे पाहिलं. "बरं. अंबाबाईची ओटी भरायची राहिलीच आहे. मी येते."

बायको म्हणाली, मग मीही येते.

सामानाच्या यादीत आता खण, नारळ आणि साडी वर आहे. माझं भिंग सगळ्यात खाली, माव्याच्या औषधाच्याही नंतर.