आमची वाटचाल : गिरणीच्या शेडमधून

धंदा वडिलांनी सुरू केला, गिलावा आणि वॉटरप्रूफिंगचा. परळ-लालबागच्या चाळी आणि पावसाळ्याआधीची गळती, एवढाच पसारा. त्याआधी ते कापड गिरणीत, साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले ते एक. त्यांची गिरणी परत सुरू झालीच नाही, म्हणून हातात थापी आली. यावर आमच्या घरी फारसं बोललं जात नाही.

पुढे गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. बऱ्याच शेड पडल्या. उरल्या त्यांत ऑफिसं, हॉटेलं, स्टुडिओ आले आणि आम्हाला बोलावणी येऊ लागली. पहिलं मोठं काम करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असलेल्या शेडचं. या छपराच्या काचा उत्तरेकडे असतात. उजेड दिवसभर सारखा मिळतो आणि थेट ऊन आत येत नाही. दोन दात्यांमधल्या पन्हळीत जमणारं पावसाचं पाणी खाली जायचं ते खांबातून! बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब आतून पोकळ. भारही तेच घ्यायचे, पाणीही तेच वाहून न्यायचे. आमच्याआधी कुणीतरी नवी फरशी घालताना खांबांची खालची तोंडं बुजवली होती. पाणी खांबात तुंबायचं, पन्हळ भरायची आणि आत सांडायची. मालक मात्र दरवर्षी छपरावर डांबर ओतत होते.

आम्ही पन्हळींना वेगळे पाइप काढून बाहेरच्या गटाराला जोडले आणि खांबांची पाण्यातून सुटका केली. दोन खांबांना तडे होते. बीडावर वेल्डिंगचा भरवसा नसतो, कडेला नवा तडा जातो. म्हणून धातूच्या पट्ट्या ठोकून ते थंडच शिवून घेतले.

भिंतींवरून मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाशी वाद होतो. विटा चुन्यात रचलेल्या, आणि गिऱ्हाइकांना दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरायच्या असतात सिमेंटात, कारण ते लवकर सुकतं. सिमेंटातून ओल बाहेर पडत नाही. ती विटेतून वाट काढते आणि क्षार विटेचा चेहरा पोखरतात. आम्ही चुना-सुरखीच (सुरखी म्हणजे विटांची पूड) वापरतो, वेळ लागतो तेवढा लागतो. वाळूचा मारा करून वीट ‘फ्रेश’ करायचं काम तर घेतच नाही. भाजलेली कडक साल एकदा गेली की खालची वीट पाणी पिते. या हट्टापायी कामं गेली आहेत, जाऊ देत.

२०१७ च्या डिसेंबरात कमला मिल आवारातल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. तेव्हापासून बाहेर पडायचे जिने नकाशावर पक्के झाल्याशिवाय आम्ही सजावटीचं बोलत नाही. जुन्या सागवानी माळ्यावर हॉटेल काढायचं म्हणणाऱ्याला हे ऐकवावंच लागतं.

सध्या विदर्भातल्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या इमारतीची पाहणी चालू आहे. तिथे पाण्यापेक्षा वाळवीची चिंता जास्त. छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्यांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे टोचा मारून बघितल्याशिवाय दर सांगणार नाही, असं मालकांना कळवलंय.